गाळाचा दिवस

नकाशात आमची वाडी पांढरी होती. हिरवी नव्हे, निळी नव्हे, पांढरी. रविवारी सकाळी विरारहून आलेल्या नातीने, रिद्धीने, तिचा लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला, आणि मी चष्मा नाकावर नीट बसवून तो पांढरा तुकडा पाहत राहिले. रिद्धी नगररचनेचे शिक्षण घेते. शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाला आहे आणि त्यात आपले घर कुठे येते ते आजीला दाखवावे, एवढाच तिचा हेतू होता. "हे बघ आजी, ही आपली आळी, हे चर्च, आणि हा व्हाईट दिसतोय ना, ते आपण. व्हाईट म्हणजे मोकळी जमीन. वापरात नसलेली." मी विचारले, "कोणाच्या वापरात नसलेली?" ती हसली. "असं नसतं गं ते. कॅटेगरी असते." चार पिढ्या केळी, नारळ आणि पानवेली उभ्या असलेल्या जमिनीला वापरात नसलेली म्हणणारा मनुष्य कोण, त्याने कधी दुपारी साडेबारा वाजता ह्या वाडीत उभे राहून पाहिले आहे काय, असे मी विचारणार होते, पण तेवढ्यात तिने कुठेतरी बोट दाबले आणि पांढऱ्यावर पिवळे पसरले. ते पुढचे, वस्तीसाठी ठरवलेले. पिवळ्यातून दोन काळ्या रेषा सरळ गेल्या होत्या, चर्चच्या रस्त्यापासून पलीकडच्या नव्या वसाहतीपर्यंत. "हा रस्ता. अठरा मीटर." मी त्या रेषांवरून बोट फिरवीत गेले. विहीर, गोठ्याची जुनी जागा, जांभळाचे झाड, आणि मग माझे बोट जिथे थांबले तिथे काहीच नव्हते. मी विचारले, "बावखल कुठे आहे?" रिद्धीने चित्र मोठे केले, आणखी मोठे केले, इतके की नुसता कोरा पडदा उरला. "नाहीये, आजी. त्यांच्या रेकॉर्डलाच नाहीये."

लॅपटॉप मांडीला उबदार लागत होता. मी तो तिच्या हाती दिला आणि उठले. उठण्याचे काही कारण नव्हते. गुडघे दुखतात म्हणून मी सकाळच्या ह्या वेळी खुर्चीतून उठत नाही आणि माझ्या खुर्चीत दुसरे कोणी बसत नाही, हा ह्या घराचा नियम आहे. तरी मी उठले, स्वयंपाकघरापर्यंत गेले, तिथे उभ्या असलेल्या मोलकरणीला उगाच भांड्यांवरून बोलले, आणि परत आले. कमरेच्या किल्ल्या चाचपून पाहिल्या. त्या जागेवर होत्या.

ज्यांनी वसईची वाडी पाहिलेली नाही त्यांना बावखल म्हणजे काय हे सांगावे लागेल. लोक त्याला तळे म्हणतात. ते तळे नव्हे. आमच्या पूर्वजांनी वाडी उंच करण्यासाठी माती काढली, जिथून काढली तिथे खळगा झाला, त्या खळग्यात पावसाळ्याचे पाणी साठले आणि वर्षभर वाळूतून झिरपत विहिरींना मिळत राहिले. समुद्र येथून चालत अर्ध्या तासावर आहे. त्याचे खारे पाणी जमिनीखालून सतत आत येऊ पाहते आणि बावखल त्याला अडवून धरते. पलीकडच्या आळीत दोन बावखले भरून त्यांवर इमारती झाल्या, तेव्हापासून तेथील विहिरींचे पाणी मचूळ झाले आहे. त्या घरांतल्या बायका आमच्या विहिरीवर हंडे घेऊन येतात आणि मी त्यांना नाही म्हणत नाही. आमचे बावखल मात्र एकट्या आमचे नाही. त्याचा पूर्वेकडचा काठ आमचा आणि पश्चिमेकडचा लोपीसांचा. बर्नार्ड लोपीस, त्यांची मेरी, आणि आता त्यांचा मुलगा व्हिन्सेंट.

व्हिन्सेंट त्याच दिवशी दुपारी आला. माझ्या दारी तो किती वर्षांनी आला हे मला चांगले ठाऊक आहे. तो आठ वर्षांपूर्वी आपल्या वडिलांच्या निधनाची बातमी घेऊन आला होता, आणि तेव्हाही पायरीखालीच उभा राहिला होता. आज हातात कागद होता. चपला काढून तो पायरीवर उभा राहिला, पन्नाशीचा, केस विरळ झालेला, खांद्यांची ठेवण हुबेहूब बर्नार्डभावजींची. "काकी, हरकत नोंदवायची आहे. शुक्रवार शेवटचा. नंतर सुनावणी. तुमची सही लागेल." मी म्हणाले, "बैस." "नको, उभाच बरा." रिद्धीने त्याला नकाशाविषयी काही विचारले आणि दोघे चार वाक्ये इंग्रजीत बोलली. मग तो माझ्याकडे वळला. तो जे बोलला ते त्याने घरून पाठ करून आणले असावे, कारण ते एका दमात बोलला. "काकी, मला कळतंय, चूक आमच्या घरातून झाली. तेव्हा पप्पांनी त्या मोजणीवाल्याला खड्डा सांगितला नसता तर आज हे कागदावर असतं. काका आमच्याशी बोलायचे बंद झाले ते उगाच नाही. सुनावणीत मी आधी तेच सांगणार. माझ्या वडिलांनी चुकीची माहिती दिली, त्याबद्दल माफी मागतो, असं म्हणणार. मग तरी पुढचं ऐकून घेतील." मी त्याला पाणी दिले. त्याने पेला उंच धरून, ओठांना न लावता प्यायले. बर्नार्डभावजी आमच्याकडे असेच पीत, आणि आमच्या सासूबाई त्यांना दर वेळी रागावत, "अरे, तोंड लाव की मेल्या, सांडतंय सगळं."

तो गेला. मी सही केली होती. रिद्धी म्हणाली, "चांगले आहेत ना काका. वडिलांची चूक स्वतःवर घेणं सोपं नाही." मी तिला सांगितले की ऊन वाढले आहे, खिडकी लाव. तिने ती लावली तशी मी म्हणाले, उघड, कोंडल्यासारखे होते.

गाळाचा दिवस आमच्याकडे वैशाखात असे. अक्षय्य तृतीयेनंतर पाणी अगदी तळाला गेले की दोन्ही घरांचे पुरुष उरलेले उपसून काढीत, आणि मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाळ निघे. काळा, मऊ, थंड, लोण्यासारखा. एक पाटी ह्या काठाला, एक त्या काठाला. मोजणारा कोणी नसे, तरी कधी भांडण झाले नाही. तो गाळ केळीच्या बुंध्यांना घातला की वर्षभर दुसरे खत लागत नसे. चिखलात अडकलेले मरळ मासे लोपीसांच्या मुली ओच्यात भरून नेत आणि संध्याकाळी एक मोठी आमच्या घरी येई. गाळ काढून झाल्यावर मोकळ्या, तडे जाऊ लागलेल्या तळाशी दोन्ही घरांच्या बायका उतरत. आपापल्या विहिरीची एक एक घागर तिथे ओतत. विहिरीने बावखलाला दिले की बावखल विहिरीला देते, असे आमच्या सासूबाई सांगत. ते पाणी क्षणात तड्यांत नाहीसे होई. आपण दिलेले कुठे गेले हे दिसत नाही, आणि तरी द्यायचे असते, हे मला नवी सून असताना विचित्र वाटे. मेरी आणि मी एका वर्षाच्या अंतराने ह्या आळीत आलो. घागर ओतताना ती क्रूस करी आणि मी हात जोडी, आणि मग घसरू नये म्हणून एकमेकींचा दंड धरून दोघी वर चढू.

अडतीस वर्षांपूर्वीच्या वैशाखात मी छत्तीस वर्षांची होते. सासूबाई आदल्या माघात गेल्या होत्या आणि किल्ल्या माझ्या कमरेला आल्या होत्या. किल्ल्यांचे वजन मला नवे होते. चालताना त्यांचा आवाज होई आणि तो मला आवडे, हे आज लिहायला हरकत नाही. माझे यजमान शाळेत शिकवीत. परीक्षेच्या कामासाठी ते त्या आठवड्यात ठाण्याला होते. वाडी मी पाहत होते. गाळाचा दुसरा दिवस होता, तळ पूर्ण उघडा पडला होता, आणि त्या वेळी सायकलवरून सरकारी मोजणीदार आला. पांढरी पँट, तिच्या पायांना लाल माती. त्याने मला मालकीणबाई म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मालकीणबाई म्हटले. तो म्हणाला, पाणवठ्यांची यादी करायची आहे, तळी, ओढे, बारवा. हे काय आहे? त्या दिवसांत आळीत अफवा होती की यादीत आलेली तळी सरकार ताब्यात घेणार, घाट बांधणार, आणि मग पूर्वेकडच्या चाळींतली माणसे तिथे कपडे धुवायला येणार. मी त्या उघड्या तळाकडे पाहिले. तिथे पाणी नव्हते. मी जे बोलले ते त्या क्षणी खोटेसुद्धा वाटले नाही. मी म्हणाले, "गाळाचा खड्डा आहे. केळीला माती लागते म्हणून खणतो. पाणी नसते तिथे." त्याने खाली वाकून पाहिले. खाली, गुडघ्यांपर्यंत चिखलात, हातात पाटी घेऊन बर्नार्डभावजी उभे होते. त्यांनी मान वर केली. त्यांच्या कपाळावर गाळाचा एक पट्टा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मोजणीदाराकडे पाहिले, आणि पाटी खांद्यावर घेऊन वळले. मोजणीदाराने लिहिले. मी मान लांब करून वाचले. मला अक्षर वाचता येते हे त्याला दिसावे असेही मला वाटत होते. "स्थानिक रहिवाशांच्या सांगण्यानुसार खड्डा, जलसाठा नाही." मी म्हणाले, "माझे नाव नाही घेतले?" तो म्हणाला, "लागत नाही बाई." मला ते अपमानासारखे लागले. दिवसभर लागले. मी निर्णय घेतला होता आणि कागदावर मी नव्हते.

त्या कागदावर आपण नाही ह्याचा मला पुढे किती आधार वाटला, हे मात्र मी कधी कोणाला सांगितले नाही.

चार वर्षांनी ते बाहेर आले. पंचायतीत कसलासा दाखला काढताना यजमानांना तो उतारा दिसला, आणि ते घरी आले तेव्हा त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या. शांत मनुष्य रागावला की घर कसे होते ते ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. "खड्डा म्हणे! पणजोबांनी खणलेले बावखल, आणि खड्डा! कोणी सांगितले हे? तू होतीस ना तेव्हा?" मी पोळी लाटत होते. लाटणे थांबले नाही. मी म्हणाले, "मी आत असेन. बर्नार्डभावजी होते गाळात. त्यांनीच सांगितले असेल." असेल. एवढाच शब्द. मी आरोप केला नाही, शपथ घेतली नाही, पोळी उलटली आणि ती फुगली. यजमान त्याच पावली पश्चिमेच्या काठावर गेले. मी खिडकीतून पाहत होते. आवाज येत नव्हता, नुसते यजमानांचे हात दिसत होते. बर्नार्डभावजी केळीचे पान कापत होते. ते ऐकत राहिले. मला वाटले, आता ते मान वर करतील आणि इकडे, खिडकीकडे बोट दाखवतील. मी पदर घट्ट धरला होता. त्यांनी खिडकीकडे पाहिले. बोट दाखवले नाही. काहीतरी एकच वाक्य बोलले, आणि यजमान परत आले. "म्हणतो, जे झाले ते झाले, मास्तर." त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला.

पुढच्या वैशाखात बावखलाच्या मधोमध बांबूंची ओळ आली. त्यांनी त्यांचा अर्धा भाग सोमवारी उपसला, आम्ही आमचा गुरुवारी. अर्धे बावखल उपसता येत नाही, पाणी इकडून तिकडे येतच राहते, हे दोन्ही घरांना कळत होते. तरी तसे झाले. मी घागर एकटी ओतली.

त्या रविवारपासून सुनावणीपर्यंतचे दिवस मी कुठेही नीट बसले नाही. पूजेत दिवा लावला की वाटे, मागचे दार उघडे राहिले. दार पाहून आले की वाटे, दिवा विझला असेल. वाडीत जाऊन केळीचे खुंट मोजायला लागे आणि चाळिसाच्या पुढे विसरे. विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन चाखून पाही. कधी वाटे, ते थोडे खारट लागते आहे, कधी वाटे, माझ्याच जिभेला झाले आहे. मोलकरणीला चाखायला लावले. ती म्हणाली, "गोडच आहे की आई." मी तिला म्हणाले, "तुला काय कळते." विरारहून संकेतचा, माझ्या मुलाचा, फोन आला. "आई, तू सुनावणीला जाऊ नकोस. तिथे तासन्‌तास बसवतात. व्हिन्सेंट आहे ना, तो बोलेल." तो बोलेल हीच तर गोष्ट होती. मी म्हणाले, "मी कुठे जायचे हे तू ठरवू लागलास काय?" तो हसून म्हणाला, "बरं बाई, राणीसरकार." मी फोन ठेवला. मी मनाशी हिशेब लावीत होते की व्हिन्सेंटने माफी मागितली तर काय बिघडेल. बर्नार्डभावजी गेलेले आहेत. यजमान गेलेले आहेत. मेलेल्या माणसाला काही लागत नाही. आणि मी बोलले तर चुकीचे रेकॉर्ड चुकीचे आहे हे सिद्ध होईल. पण तसे ते व्हिन्सेंटच्या बोलण्यानेही होईल, नाही का? मग एक दिवस पानवेलींच्या सावलीत उभी असताना मला कळले की होणार नाही. व्हिन्सेंट तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने ऐकीव गोष्ट सांगितली तर अधिकारी म्हणेल, बरे, पुढचा. त्या दिवशी तिथे उभी असलेली, बोललेली आणि अजून जिवंत असलेली व्यक्ती एकच आहे.

यजमान गेले तेव्हा बर्नार्डभावजी आले होते, हे मला त्या दिवसांत वारंवार आठवे. फाटकाशी उभे राहिले, टोपी हातात. सगळे स्मशानाकडे गेल्यावर मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी विहिरीचे पाणी काढले, पेला माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "वहिनी, पाणी घ्या." दुसरे काही नाही. ते सांगतील म्हणून मी एकोणीस वर्षे त्यांना घाबरत होते आणि तो मनुष्य मला पाणी घ्या म्हणत होता. मी पेला घेतला. पुढे बर्नार्डभावजी गेले तेव्हा त्यांच्या मिस्सेला, अंत्यविधीच्या प्रार्थनेला, मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते. सगळे गुडघ्यांवर गेले, मी बसून राहिले. मला गुडघ्यांचे दुखणे आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सुनावणीला व्हिन्सेंटच्या गाडीतून गेलो, तो, रिद्धी आणि मी. मोठे सभागृह, वर पंखे, पुढे लांब टेबलामागे समितीची पाच माणसे, बाजूला लिहून घेणारा कारकून. आमचा क्रमांक येईपर्यंत अडीच तास गेले. शेजारी बसलेली एक बाई डब्यातले पोहे खात होती. तिने मला घेता का म्हणून विचारले, आणि मी नको म्हटल्यावर म्हणाली, "घ्या हो आजी, इथे रागावून कोणी लवकर बोलावत नाही." माझा चेहरा रागावल्यासारखा दिसत होता, हे मला त्यावरून कळले. क्रमांक पुकारला. व्हिन्सेंट उठला, शर्ट खाली ओढला, आणि म्हणाला, "सर, मी व्हिन्सेंट बर्नार्ड लोपीस. सुरुवातीलाच सांगतो. जुन्या पाहणीत आमच्या बावखलाची नोंद खड्डा अशी आहे. ती माहिती माझ्या वडिलांनी..."

"व्हिन्सेंट, खाली बस," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा आहे. सभागृहातले पंखेसुद्धा ऐकू येईनासे झाले. टेबलाच्या मधोमध बसलेले गृहस्थ, पांढऱ्या केसांचे, सभ्य, म्हणाले, "आजी, तुमचा नंबर नंतर आहे." मी म्हणाले, "माझा नंबर अडतीस वर्षांपूर्वी येऊन गेला. तेव्हा मी खोटे बोलले. आता खरे बोलायला मला तीन मिनिटे पुरतील." मग मी सांगितले. गाळाचा दिवस, उघडा तळ, पांढरी पँट, आणि मी उच्चारलेले शब्द जसेच्या तसे. बर्नार्ड लोपीस तिथे चिखलात उभे होते, त्यांनी ऐकले, ते एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही, हेही सांगितले. मी कोणाकडे पाहत नव्हते. कारकुनाच्या पेनाकडे पाहत होते. त्याने लिहिले आणि मी मान लांब करून वाचले. मला अजून चष्म्याशिवाय दूरचे दिसते. "स्थानिक रहिवाशांच्या सांगण्यानुसार," त्याने लिहिले होते. मी टेबलाशी गेले. "ते खोडा. नाव लिहा. सरोजिनी आत्माराम राऊत." यजमानांचे नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा उच्चारले. कारकुनाने मधल्या गृहस्थांकडे पाहिले. ते म्हणाले, "लिहा." मग मला म्हणाले, "पुन्हा स्थळपाहणी होईल. दोन्ही काठांचे लोक हजर राहा. नोंद झाली म्हणजे रस्ता हललाच असे नाही, आजी, पण नोंदीशिवाय काहीच हलत नाही."

परत येताना गाडीत रिद्धीने माझा हात धरला होता; मी तो सोडवून घेतला, कारण मला कीव नको होती, आणि मग मला वाटले तो असू द्यायला हवा होता. फाटकाशी उतरताना व्हिन्सेंट समोरच्या काचेकडे पाहत म्हणाला, "दार नीट लावा, काकी." मी नीट लावले.

त्याच संध्याकाळी मी पश्चिमेच्या काठाने गेले. बांबूंची ओळ कधीच कुजून गेली आहे. दोन-तीन खुंट पाण्यातून वर येतात आणि त्यांवर खंड्या बसतो. मेरी मागच्या अंगणात पाटावर बसून वाल सोलीत होती. तिने मान वर केली नाही. मी उभी राहिले. मला कोणी बस म्हटल्यावाचून उभे राहायची सवय नाही. हातातला वाल सोलून झाल्यावर ती म्हणाली, "व्हिन्सेंटने सांगितलं."

"हो."

"मला वाटलं होतं, माझ्या माणसानेच केलं. मला पण त्याने कधी सांगितलं नाही गो." ती वाल सोलीत राहिली, साल एकीकडे, दाणा एकीकडे, आणि मग दोन्ही एकाच ताटात पडू लागले तरी तिच्या लक्षात आले नाही. "मी त्याला सोडलं नाही, सरोज. जेवायला बसला की बोलायचे. नको तिथे तोंड उघडतोस, म्हणायचे. आळीत मान खाली घालायला लावलीस, म्हणायचे. तो शेवटचा पडला ना, वाचा गेली त्याची, नुसता बघायचा. तेव्हा मी काय म्हटलं माहीत आहे तुला? म्हटलं, तेव्हा बोललास, आता बोल." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "आता हे मी कोणापुढे परत घेऊ सांग."

मी पुष्कळ गोष्टी सांगू शकते. कोणत्या महिन्यात कोणता खुंट लावावा, कोणत्या घरात मुलगी द्यावी, विधी कसा करावा, ह्यासाठी लोक माझ्याकडे येतात. मी वाकून तिच्या ताटातली एक साल उचलली आणि बाजूला टाकली. मेरी म्हणाली, "जा तू आता." मी गेले.

गुरुवारी पाहणी झाली. तिपाई आणि एक पिवळे यंत्र घेऊन एक मुलगी आली, रिद्धीपेक्षा दोनचार वर्षांनी मोठी; डोक्यावर टोपी, पायांत बूट. मार्गशीर्षाचे दिवस, बावखल भरलेले होते, कडेला कुमुदिनी आणि मधे आभाळ. ती काठावर उभी राहून म्हणाली, "अरे वा, केवढं मोठं आहे." रिद्धी माझ्या शेजारी होती. पलीकडच्या काठावर मेरी येऊन उभी राहिली होती, काळ्या किनारीचे लुगडे, मागे व्हिन्सेंट. मी तिला हाक मारली नाही. मुलीने बराच वेळ मोजले, पाण्यात काठी घातली, चिखल किती ते पाहिले, आणि मग हातातल्या फळीवरचा फॉर्म भरायला घेतला. जलसाठा, तिने म्हटले. बारमाही, तिने म्हटले. "ह्याला नाव काय आहे? नकाशावर नाव लागतं."

चार पिढ्या ह्याला राऊतांचे बावखल म्हणतात. माझ्या जिभेवर ते तयार होते. मी तोंड उघडलेसुद्धा. पाण्यावरून मेरीचा आवाज आला, फार मोठा नव्हे, पण पाण्यावरून आवाज नीट येतो.

"बर्नार्डचं."

मुलीने माझ्याकडे पाहिले. अर्धी जमीन माझ्या नावे आहे, ते तिच्या कागदात होते. रिद्धी म्हणू लागली, "पण आजी..." मी हात वर केला आणि ती थांबली. खंड्या खुंटावरून उडाला.

"त्या म्हणतात तसे लिहा," मी म्हणाले. "बर्नार्डचे बावखल."

तिने लिहिले. पलीकडे वळून तिने मेरीला नाव विचारले, आणि मेरीने आपले पूर्ण नाव सांगितले, सावकाश, एकेक शब्द. मग ती मुलगी पेन तसेच धरून माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही कोण, आजी?"

मी किल्ल्यांवरचा हात काढला.

"मी त्यांची शेजारीण," मी म्हणाले.